गूळ सगळ्या करडांना

रामभाऊ कंपाउंडर दारात आले तेव्हा मी भाकऱ्या थापत होते. त्यांच्या हातात भाऊजींची कातडी पिशवी होती, आणि ती पिशवी भाऊजी कधी कुणाच्या हाती देत नसत. डोणगावकडे शेळ्यांत रोग पसरला म्हणून दोघांना आठ दिवसांसाठी तिकडं पाठवलं होतं. रामभाऊ उंबऱ्याबाहेरच थांबले. "वहिनी, बाजारात बकऱ्याईले औषध पाजून राह्यले होते साहेब. जरासक बसतो म्हने... बसले ते उठलेच नाहीत." मी ऐकलं आणि तव्यावरची भाकरी उलटली. उरलेल्या पिठाच्याही केल्या, झाकून ठेवल्या. याला दीड महिना झाला. मी अजून रडलेले नाही. बायका म्हणतात, दगड आहे. असेन. आतलं सगळं बधिर झालंय, हात तेवढे कामं करतात.

वसंतराव माझे धाकटे दीर. महाराष्ट्र राज्य झालं त्याच सुमारास मोताळ्याच्या जनावरांच्या दवाखान्यात त्यांची बदली झाली आणि ते आमच्याकडेच राहिले. लग्न केलं नाही. गाव त्यांना ढोरांचा डॉक्टर म्हणे. मीही चिडवायची, "भाऊजी, आधी हात धुवा, बोटाईले लेंड्याईचा वास येते." खोटं नव्हतं. त्यांच्या खिशात कागदाच्या पुड्यांत लेंड्याच असत. त्या पाण्यात कालवून, गाळून ते सूक्ष्मदर्शक दुर्बिणीखाली जंतांची अंडी मोजत. पावसाळ्यात कोवळं गवत खाऊन करडांच्या पोटात जंत होत, जबड्याखाली पाणी उतरे आणि एकेक करडू जाई. शहरातलं औषध इथं पोचेपर्यंत श्रावण सरलेला असे. पळस मात्र बांधाबांधाला. त्याच्या बियांची पूड, पळसपापडी, जुनी माणसं जंतांवर देतच होती. तिचा गुण मोजून दाखवता आला, तर जिल्ह्यातल्या प्रत्येक दवाखान्यातून ती देता येईल, हे भाऊजींचं वेड. बिया माझ्याच खलबत्त्यात कुटत. मग त्यातच आलं कुटलं की दोन दिवस आमचा चहा कडू लागे.

एका वर्षी श्रावणात त्यांनी आमच्या गोठ्यात बारा करडं बांधली. सहांच्या गळ्यात तांबडा दोरा, सहांच्या पांढरा. पूड कडू, म्हणून ती गुळात घालून चारायची.

"वहिनी, गूय साऱ्याईले. पूड फक्त तांबड्या दोऱ्यावाल्याईले."

"अन् पांढऱ्याईनं काय पाप केलं?"

"पाप नाही हो. त्याईलेही देली तं पुडीनं फरक पडला का आपोआप, हे समजीन कसं?"

"अन् एखांदं मेलं तं?"

ते खल पुसत बसले.

भाऊजी सकाळी दवाखान्यात जात, म्हणून गूळ-पूड चारणं माझ्याकडे होतं. दोन दिवस मी सांगितल्यासारखं केलं. तिसऱ्या दिवशी पांढऱ्या दोऱ्याचं एक करडू माझ्या पदराला तोंड लावून उभं राहिलं. जबडा सुजलेला. माझ्या माहेरी पंगतीत पाहुणा असो की गडी, एकाच्या पानात तूप आणि शेजारच्याचं कोरडं, असं कधी झालं नाही. पंक्तिप्रपंचासारखं पाप नाही, हे आईनं बोलता येऊ लागल्यापासून कानावर घातलेलं. मी डब्यातून चिमूटभर पूड घेतली आणि त्याच्या गुळात घातली. मग उरलेल्या पाचांनाही दिली. रोज दिली. डबा कमी दिसू नये म्हणून स्वतः बिया कुटून भरला. एकही करडू दगावलं नाही, आणि मला माझं कौतुक वाटलं, हेही कबूल करते.

महिन्यानं भाऊजींनी मोजलं, तर अंडी दोन्हीकडे सारखीच उतरलेली. दोन दिवस वही उघडी टाकून बसले होते. मग वरच्या ऑफिसला लिहून टाकलं, पळसपापडीचा गुण दिसत नाही, जंत आपोआप कमी झाले. त्या दिवशी जेवताना म्हणाले, "वहिनी, तुमच्या हातचं करडू मरत नाही." ते कौतुक होतं की त्यांना कळलं होतं... मला आजही सांगता येत नाही. मी न विचारता आणखी एक भाकरी वाढली.

तेव्हाच सांगायला हवं होतं. आधी लाज वाटली, नंतर उशीर झाला, आणि उशीर झाला की माणूस आणखी उशीर करतं. पुढं चार वर्षं श्रावण आला की कुणीतरी दारात यायचं, "डॉक्टर, पयसाची पूड देऊ का?" आणि हा खरं बोलणारा माणूस म्हणायचा, "काही गुण नाही तिचा." मी स्वयंपाकघरात ऐकत असायची. एका करडाला उपाशी ठेववलं नाही म्हणून मी गावोगावची किती करडं पंगतीतून उपाशी उठवली! डोणगावला निघाले त्या सकाळी मी धीर केला. "भाऊजी, एक सांगायचं होतं..." ते पिशवीचा पट्टा लावत होते. "आल्यावर सांगा. यष्टी निंगून जाईन."

म्हणून हे छापायला देणार आहे. भाऊजींचा कागद चुकीचा आहे आणि चूक त्यांची नाही, माझी आहे. पण रामभाऊ म्हणाले, "वहिनी, नुसत्या तुमच्या बोलन्यावर ऑफिस कायले इश्वास ठेवीन? पुन्हा मोजून दाखवा लागन." बरोबर आहे त्यांचं. सोमवारपासून गोठ्यात आठ करडं आहेत. चार तांबडी, चार पांढरी. दोरे रामभाऊंनी बांधले, दुर्बिणीत तेच बघणार.

आज सकाळी त्याच खलबत्त्यात बिया कुटल्या. गूळ आठांना दिला, पूड चारांना. पांढऱ्या दोऱ्याचं एक करडू, जबडा सुजलेलं, पदराला लागलं. मी पदर सोडवून घेतला. खल धुऊन पालथा घातला आणि आत येऊन दार लावलं. हे लिहितेय तरी ते बाहेर ओरडतंय. मी अजून उठलेले नाही.