ठोक्या नव्या दुकानात जात नाही

माझा भाऊ हट्टी आहे, हे मी सांगायला नको. गल्लीत कुणालाही विचारा. लहानपणी हाताला लागेल ते ठोकून बघायचा, म्हणून ठोक्या. आईनं ठेवलेलं नाव आता फक्त पगाराच्या कागदावर उरलंय. पुढे तो पत्र्याची कपाटं बनवणाऱ्या कारखान्यात लागला, तेव्हा आम्ही म्हटलं, चला, ठोकाठोकीचे निदान पैसे तरी मिळतील. त्याच कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसखाली त्याचा उजवा हात मनगटापासून गेला.

त्या दिवसांबद्दल तो बोलत नाही, मग मी कशाला बोलू? एवढंच सांगते की कारखान्यानं त्याला हत्यारांच्या खोलीत बसवलं. पाने, पकडी द्यायच्या आणि परत घ्यायच्या. संध्याकाळी घरी यायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचा. भावजय माझ्यापाशी येऊन डोळे पुसायची. मी तिला धीर द्यायचे आणि ती गेली की स्वतः रडायचे.

मी खालच्या खोलीत शिवणकाम करते, ही दोघं वर राहतात. एक दिवस माझ्या जुन्या मोटारीच्या शिलाई मशीनचं पायाखालचं पेडल गायब! मी घर डोक्यावर घेतलं. वर जाऊन बघते तर हा जमिनीवर फतकल मारून पेडलच्या पोटात वायरी कोंबतोय.

"चोरा!" मी म्हटलं.

"ताई, ओरडू नकोस. अजून एक लागणार आहे," तो म्हणाला.

निर्लज्ज कुठला! पण कितीतरी दिवसांनी तो माझ्या तोंडाकडे बघून बोलला होता. मी गुपचूप दुसरंही पेडल आणून दिलं.

ते सगळं कॉम्प्युटरवरच्या एका गेमसाठी होतं. ट्रक चालवायचा गेम. माल भरायचा, घाट चढायचा, पलीकडे उतरवायचा. एवढंच. मला तर बघूनच झोप येते. पण ठोक्या एका पायानं वेग देई, दुसऱ्यानं ट्रक वळवी, डाव्या हातानं गिअर टाकी, आणि वळण नीट निघालं की मोठ्यानं हसे. ते हसू जमिनीतून खाली माझ्या मशीनपर्यंत यायचं. त्या हसण्यासाठी मी घरातली सगळी पेडलं दिली असती.

आता दुकानाचं सांगते. हे गेम बाजारात जाऊन नाही आणायचे, कॉम्प्युटरच्या आतच त्यांची दुकानं असतात. ठोक्या सुरुवातीपासून एकाच दुकानातून घेतो. त्या दुकानात एक सोय आहे. तुम्ही काहीही वेडंवाकडं जोडा, ते दुकान गेमला समजावून सांगतं की बाबा रे, हे पेडल नाही, हे स्टिअरिंग आहे. ती सोय नसेल तर माझं पेडल म्हणजे भंगार. ठोक्यानं आपली सगळी जुळवाजुळव त्या दुकानात सगळ्यांसाठी खुली ठेवली. कुणाचा हात नाही, कुणाची बोटं थरथरतात, अशी कुठली कुठली माणसं ती घेऊन खेळायला लागली. त्याला विचारून विचारून भंडावून सोडायची. हाही सगळ्यांना उत्तरं द्यायचा. मला मात्र साधा बल्ब बदलून द्यायला सवड नाही!

त्यातल्याच एक ड्रायव्हरबाई. जन्मभर बस चालवलेली बाई, मग अर्धांगवायूनं डावी बाजू लुळी पडली. दुसऱ्या गावात राहतात, एकदाही भेट नाही. पण रोज संध्याकाळी दोघांचे ट्रक मागे-पुढे घाटात. "ए पेडलवाल्या, वळणावर घाई करू नकोस रे, मागे मी आहे," असा त्यांचा खणखणीत आवाज यायचा. बसमधल्या माणसांना त्यांनी काय झापलं असेल, देव जाणे.

तर या गेमचा दुसरा भाग येणार होता. ठोक्या तीन वर्षं त्याची वाट बघत होता. नवा घाट, धुकं, लाकडी पूल. मग बातमी आली की दुसरा भाग वर्षभर फक्त एका नव्या दुकानात मिळणार. नव्या दुकानानं गेमवाल्यांना त्यासाठी मोठी रक्कम मोजली होती. आणि नव्या दुकानात ती समजावून सांगायची सोय नव्हती. ठोक्यानं नाना खटपटी केल्या. जुन्या दुकानातून नव्या दुकानातला दुसरा कुठला तरी गेम उघडून बघितला, मधे काहीतरी अडकवून बघितलं. पेडल कधी चाले, कधी मधेच मरे.

खरं सांगू? मला आधी त्याचंच चुकतंय असं वाटलं. "दोरा या दुकानात नाही मिळाला तर त्या दुकानात घ्यायचा. त्यात एवढं काय?" मी म्हटलं. बाहेरही हेच चाललं होतं. इंटरनेटवर लोक एकमेकांच्या उरावर बसले होते. दुकान तर फुकट आहे, अजून एका दुकानाचं चित्र दाबायला काय जातं? लहान कंपनी आहे, त्यांनी काय उपाशी मरायचं?

"पोट भरू दे की त्यांचं," ठोक्या म्हणाला. "मी कुठे नाही म्हणतो? आणि त्या दुकानानंही खुशाल चांगलं व्हावं. माझ्यासारख्यांची सोय करावी, मी आज जातो. पण त्यांनी पैसे स्वतःचं दुकान सुधारायला नाही घातले ताई. दुसऱ्याच्या दाराला कुलूप लावायला घातले. कुलपाच्या या बाजूला कोण राहिलं, ते कुणी बघितलंसुद्धा नाही."

मी दोऱ्याचं बोलणं मागे घेतलं. मी बोललेलं मागे घेणं ही आमच्या घरात मोठी गोष्ट आहे.

आणि नेमका तेव्हाच गेमवाल्यांचा फोन आला. पहिल्या भागात पायांनी ट्रक चालवणाऱ्या ठोक्याची इंटरनेटवरची फिल्म त्यांच्या बघण्यात आली होती. दुसऱ्या भागाच्या जाहिरातीत त्यांना तो हवा होता. त्यांची प्रचाराचं काम बघणारी मुलगी गोड बोलत होती, "आमचा गेम सगळ्यांसाठी आहे, हे तुमच्याशिवाय कोण दाखवणार?"

ठोक्यानं एकच विचारलं, "माझ्या पेडलांवर चालतो का?"

"चालणारच! पहिला चालत होता ना?" ती म्हणाली.

बघा, हीच ती चूक. पहिल्यात चालायचं ते गेममुळे नाही, जुन्या दुकानामुळे, हे स्वतः गेम बनवणाऱ्यांच्याच लक्षात नव्हतं. ठोक्याला शंका आली होती, पण आशा वाईट. त्यानं ड्रायव्हरबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तू चालवून बघ. तू हो म्हणालास की मी घेते. आणि मीच काय, आपली सगळी तुझ्याच तोंडाकडे बघतायत." हे ऐकल्यावर त्याला नीट जेवणही गेलं नाही.

रविवारी सकाळी ती मुलगी, कॅमेरावाला आणि एक मदतनीस नवा कॉम्प्युटर घेऊन आले. पलंग सरकवला, माझं शिवायला आलेलं कापड पडदा म्हणून लावलं. विचारलंसुद्धा नाही! ठोक्याचा सदरा बदलायला लावला. मग कॅमेरावाला म्हणाला, "बाही जरा वर करा, हात दिसला पाहिजे." नसलेला हात! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भावजयीनं माझा दंड धरून ठेवला, नाहीतर त्याचं काही खरं नव्हतं.

गेम सुरू झाला. ठोक्यानं पेडल दाबलं. ट्रक ढिम्म. काढून परत जोडलं, तरी ढिम्म. मुलगी बाहेर जाऊन कुणाला तरी फोन करून आली. चेहरा पडला होता तिचा, पण हुशार पोरगी, लगेच सावरली.

"एक करूया," ती म्हणाली. "आमचा माणूस कोपऱ्यात बसून चालवेल. तुम्ही नुसते पाय हलवा. पुढेमागे करूच की आम्ही सोय. आणि हो, हा नवाकोरा कॉम्प्युटर तुम्हीच ठेवा."

मला वाटलं, ठोक्या आता उठणार आणि सगळ्यांना जिन्यावरून खाली पाठवणार. तो उठला नाही. पडद्यावरच्या घाटाकडे बघत होता. धुकं खरंच सुरेख केलं होतं हो. लाकडी पुलाखालून पाणी वाहत होतं. तीन वर्षं वाट बघितली होती त्यानं.

"करा सुरू," तो हळूच म्हणाला.

मदतनीस कोपऱ्यात बसला. ट्रक निघाला. ठोक्यानं पाय हलवायला सुरुवात केली, आणि काय सांगू, दोन वळणं गेल्यावर तो हसला. तेच हसू! भावजयीच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही मनात आलं, असू दे की खोटं. काय बिघडतं? माणूस हसतोय ना?

पूल आला. ट्रक पुलावर चढला. आणि ठोक्यानं दोन्ही पाय उचलून खुर्चीवर मांडी घातली. ट्रक आपला चाललेलाच. पुलावरून पलीकडे गेला, वळला, वर चढायला लागला. मदतनिसाचं लक्ष पडद्यावर, त्याला पत्ताच नाही.

"हे घेतलंत का कॅमेऱ्यात?" ठोक्यानं विचारलं. "हे दाखवा."

"ते आम्ही कापू," मुलगी म्हणाली.

"मग माझं तोंडही कापा. ते दाखवायला मी देणार नाही."

"अहो, एवढ्या लांबून आलोय आम्ही. कुणाचं काय नुकसान होतंय यात?"

"माझ्या तोंडाकडे बघून ज्या बाईनं गेम घेतला असता, तिचं," ठोक्या म्हणाला. आवाज चढवला नाही. चढवायचं काम मी केलं. पडद्याचं कापड ओढून काढलं आणि त्यांना दार दाखवलं. कॉम्प्युटरही त्यांच्या हातात दिला. जाताना ती मुलगी जिन्यात थांबली, "सॉरी" म्हणाली. मनापासून म्हणाली असावी, पण मी दार लावून घेतलं.

त्याच दुपारी त्यानं मला फोन धरून उभं केलं आणि पेडलांसमोर बसून जे घडलं ते जसंच्या तसं बोलला. ती फिल्म त्यानं इंटरनेटवर टाकली. लोकांनी काय काय नाही लिहिलं! फुकट कॉम्प्युटर कमी पडला वाटतं, लंगडं कारण काढतोय, दुकानाचा गुलाम. मी एकेकाला अशा शिव्या लिहिणार होते की बस्स. ठोक्या नको म्हणाला. डाव्या हाताच्या एका बोटानं तो प्रत्येकाला तेवढंच लिहीत राहिला, "माझ्या पेडलांवर चालत नाही."

कंपनीचा फोन आला. फिल्म काढा, आम्ही सोयीचा विचार करतोय. "आधी सोय करा," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

संध्याकाळी मी वर चहा घेऊन गेले तेव्हा ड्रायव्हरबाईंचा आवाज येत होता. त्यांच्याकडे दिवसभर वीज नव्हती, त्यांनी काहीच बघितलं नव्हतं. अगदी लहान पोरीसारखं विचारत होत्या, "सांग ना रे, कसा आहे नवा घाट?"

ठोक्यानं चहाचा कप बाजूला ठेवला. मग म्हणाला, "फार सुंदर आहे, बाई. घेऊ नका."