तासाभराचं विमान

नागपूर-हैदराबाद रस्त्यावरच्या इचोड्याच्या चंद्रभागाबाईंना वेड होतं ते पोराच्या विमानाचं. उभा जन्म लोकांच्या कापसात राबण्यात गेला. पण प्रितम शिकला, नागपूरला नोकरीला लागला आणि कंपनी त्याला कामासाठी विमानानं हैदराबादला पाठवू लागली, तेव्हा बाईंचे पाय जमिनीला लागेनात. रस्त्यानं अख्खा दिवस खाणारी वाट म्हणे तासाभरात! भाजीवालीला सांगून झालं, किराणावाल्याला सांगून झालं. खाटेला खिळलेले नागोराव, त्यांचे मालक, चिडवायचे, "आता तूच चालवून राह्यली का वं इमान?"

एक गोष्ट मात्र त्या कुणाजवळ काढायच्या नाहीत. बसनं जायचा तेव्हा प्रितम वाटेत उतरून घरी मुक्काम करायचा. विमान आलं आणि त्याचं उतरणंच संपलं. बापानं पोराचं तोंड पाहून वर्ष होत आलं होतं.

परवा मंगळवारी सकाळी नागोरावांना धाप लागली ती थांबेचना. डॉक्टर म्हणाले, आता हलवू नका, पोराला बोलवा. त्यातल्या त्यात नशीब, प्रितम हैदराबादलाच होता. पण फोनवर पार गडबडला बिचारा. "आई, इथूनच टॅक्सी करू, का विमानानं नागपूरले उतरून माही गाडी घेऊन येऊ?"

शेजारचा संतोष ओरडला, "काकू, तिकून सरळ रस्ता आहे, दुपारपर्यंत येते तो!"

पण बाई ऐकतील तर शपथ. "टॅक्सी काऊन? इमानानं ये बाप्पा. तासाभराचं काम!"

आणि त्यानंही ऐकलं! एवढा शिकलेला, पण माय रडायला लागली की अक्कल ठिकाणावर राहते कुठं.

बाई मालकांच्या कानाशी वाकल्या. "ऐकलं का, प्रितम निंगाला. तासाभरात येते."

नागोरावांनी तोंड दाराकडं केलं. तास गेला, दुसरा गेला. विमानाला उशीर होता. दुपार कलल्यावर ते एकदाचं उडालं आणि नागपूरला उतरलंही. पण तिथून घर चार तास मागं! हे मागं येणं बाईंनी कधी हिशेबात धरलंच नव्हतं. विमान टेकलं म्हणजे पोरगं दारात, एवढंच त्यांना ठाऊक.

"आला का?" नागोराव विचारायचे.

"आलाच," बाई म्हणायच्या. दिवेलागणीला त्यांनी विचारणं सोडलं.

प्रितम पोचला तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. तो बापाच्या पायावर पडला, पुष्कळ रडला. मग म्हणाला, "आई, बाबा काई बोलले का वं?"

तुझं नाव घेतलं म्हणावं, असं बाईंच्या मनात आलं. दिवसभर खोटंच बोलल्या होत्या, आता जमेना.

"म्हणे, आजचा तास लय मोठा आहे वं." एवढं सांगून त्या दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड बडवू लागल्या. "मीच सांगतलं होतं रे त्याहिले, तासाभरात येते म्हणून! मीच!"