लांबीतले आणे

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी दौंडहून पॅसेंजरने रोज पुण्याला कॉलेजात जात होते. गणित माझा विषय, आणि शेवटच्या वर्षी आम्हाला फोर्ट्रान नावाची कॉम्प्युटरची भाषा होती. कॉम्प्युटर मात्र आम्ही एकदाच पाहिला, तोही काचेतून. आमचा संबंध कार्डांशी. प्रोग्रॅमची एकेक ओळ एकेका कार्डावर भोकं पाडून उतरवायची, गठ्ठ्याला रबर लावून तो खिडकीतून आत द्यायचा आणि दोन-तीन दिवसांनी लांबलचक घड्यांचा छापील कागद घेऊन घरी यायचं. आमच्या चाळीत बरेच दिवस असा समज होता की पोरगी पुण्याला पत्ते खेळायला जाते.

आपण लिहिलेलं यंत्राच्या बोलीत उतरवणारा जो मधला प्रोग्रॅम असतो, त्याला कंपायलर म्हणतात. त्याची कुरकुर दोन प्रकारची. एरर छापली तर तो हटून बसतो, काम पुढे जात नाही. वॉर्निंग छापली तरी काम पुढे जातं आणि उत्तरही येतं. सरांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "एरर आली तर थांबा. वॉर्निंगकडे बघू नका, ती येतच असते." आम्हाला ते फारच सोयीचं वाटलं.

त्याच वर्षी केंदूरला माझ्या दोन मामांची वाटणी निघाली. आई सगळ्यांत थोरली, तिच्या पाठचे हे दोघे. आपला हिस्सा तिने केव्हाच सोडून दिला होता. थोरल्या मामाने रान मोजून त्याचे दोन भाग केले आणि रिवाजाप्रमाणे आधी निवडायचा मान धाकट्याला दिला. धाकट्याने ओढ्याकडचा भाग घेतला. थोरला म्हणत होता, दोन्ही भाग सारखे आहेत. पण ओढ्याकडची बाजू वेडीवाकडी, तिचे लांब-लांब पट्टे पाडून मोजावं लागलेलं, आणि हिशेब थोरल्याने एकट्यानेच केलेला. धाकट्याच्या मनात पाल चुकचुकली. तो भावाला तोंडावर काही बोलला नाही, पण दौंडला येऊन मला म्हणाला, "तुमच्या त्या यंत्रात घाल की. ते तर कुनाचं न्हाई ना?"

मला काय, हवंच होतं. वर्गातली बाकीची पोरं पुस्तकातली गणितं कार्डांवर उतरवत होती आणि मी खरंखुरं रान मोजणार होते. धाकट्या मामाने दोन्ही भागांची मापं लिहून दिली; केंदूरला ती अजून साखळीतच चालत. तेहतीस फुटांची एक साखळी, तिचे सोळा आणे. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद म्हणजे एक गुंठा. मी प्रोग्रॅम लिहिला तो चांगला मराठीत. रुपये-आण्यांचा जमाना गेला होता, म्हणून आण्यांचे दशांश करून ते साखळ्यांत मिळवले. इंग्रजी अक्षरांत लांबीला LAMBI, रुंदीला RUNDI, उत्तराला GUNTHE. पुण्याच्या पोरी हसल्या. मी म्हटलं, हसा, रान आमचं आहे.

कागद आला. वर माझा प्रोग्रॅम छापलेला होता, त्यात कुठेतरी एक वॉर्निंग होती, ती मी सरांच्या शिकवणीप्रमाणे ओलांडली. खाली उत्तर होतं: धाकट्याचा भाग थोरल्यापेक्षा आठ गुंठ्यांनी कमी. परतीच्या गाडीत मी तो आकडा पुन्हा पुन्हा वाचला. थोरल्या मामाने मला खांद्यावर बसवून केंदूरची जत्रा दाखवली होती. तो माणूस भावाला फसवेल, हे मनाला पटेना आणि कागदाला खोटं म्हणवेना.

आईला सांगितलं तेव्हा ती पीठ मळत होती. तिचे हात थांबले. म्हणाली, "हे वाचलंस तर दोघं एकमेकाचं तोंड बघायचे न्हाईत. मग मी कुठल्या दारात जायचं?" मी तावातावाने म्हटलं, यंत्र खोटं बोलत नाही. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला स्वतःचाच राग आला. पण धाकट्या मामाने विचारलं होतं, आणि उत्तर लपवणं मला जमण्यासारखं नव्हतं. रविवारी आम्ही दोघी एसटीने निघालो. शिरूरला गाडी बदलताना आईने चहासुद्धा घेतला नाही.

थोरल्या मामाच्या ओट्यावर दोघे भाऊ बसले होते आणि मधे पंच म्हणून शेजारचे म्हातारे आप्पा. मी कागद उलगडला आणि एका दमात तळाचे आकडे वाचले. धाकटा मामा उठून उभा राहिला. "बघ, दादा. म्हंजी माझा वहीम खोटा नव्हता." थोरल्याचा चेहरा एकदम म्हाताऱ्यासारखा दिसायला लागला. आई दारात उभी होती, तिने चौकट धरली.

आप्पांनी हात वर केला. "बस खाली. पोरी, कागद वरनं वाच."

मी म्हटलं, "आप्पा, वरचं सगळं यंत्राचं आहे. त्यात वाचण्यासारखं काही नाही."

"वाटणीचा कागद हाय. वाटणीच्या कागदातलं अक्षर सोडायचं न्हाई. उद्या कुनी म्हनंल, हे वाचलंच नव्हतं."

हा तिकडचा रिवाज मला माहीत होता. कागद पहिल्या अक्षरापासून शेवटच्या सहीपर्यंत मोठ्याने वाचल्याशिवाय कोणी अंगठा द्यायचं नाही. मग मी आमचा फोर्ट्रानचा प्रोग्रॅम केंदूरच्या ओट्यावर मोठ्याने वाचला. लांबी, रुंदी, गुंठे ही नावं आली तशी आप्पांनी मान डोलावली, बाकीचं त्यांनी तसंच गंभीरपणे ऐकून घेतलं. आणि मग ती ओळ आली.

"वॉर्निंग, मिक्स्ड मोड."

"म्हंजी काय?"

"वॉर्निंग म्हणजे सावध करणं."

"कुनाला?"

"मलाच. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला."

"मग तू सावध झालीस का?" आप्पांनी साधेपणाने विचारलं.

मी चिडून म्हटलं की सर सांगतात त्याकडे बघायचं नसतं. "ते इतकंच म्हणतंय की गुणाकारात दोन जातींचे आकडे एकत्र आलेत. एक पूर्ण आकडा, आणि एक अपूर्णांकाचा."

"पन आपल्या मापात तर लांबीला बी आने हायेत, रुंदीला बी आने हायेत. पूर्ण आकडा आला कुठनं?"

मी उत्तर द्यायला वर LAMBI या नावाकडे पाहिलं आणि चूक दिसली. फोर्ट्रानमध्ये नावाच्या पहिल्या अक्षरावरून आकड्याची जात ठरते. आय, जे, के, एल, एम, एन यांतल्या अक्षराने नाव सुरू झालं की यंत्र तो पूर्णांक धरतं आणि त्याच्यापुढचे दशांश टाकून देतं. रुंदीचा आर ठीक होता. लांबीचा एल ठीक नव्हता. 'लेंग्थ' लिहिणाऱ्या पुण्याच्या पोरींचंही हेच झालं असतं, पण पुस्तकातल्या उदाहरणांत सोयीची नावं दिलेली असत आणि त्या ती उतरवून घेत. मी मराठीत लिहायला गेले आणि यंत्राने माझ्या लांबीतले सगळे आणे खाल्ले. थोरल्याची बाजू सरळ होती, तिथे लांबीला आणे नव्हतेच, म्हणून तिचं काही बिघडलं नाही. ओढ्याकडच्या प्रत्येक पट्ट्याला आणे होते.

मी ओट्यावरच पेन्सिल घेऊन बसले. वाईट वाटण्यापेक्षा राग जास्त येत होता, सरांचा. कंपायलरला चूक कुठे आहे हे ठाऊक नव्हतं. त्याला इतकंच दिसलं होतं की या बाईने दोन जातींचे आकडे गुणलेत, आणि हे तिला खरंच हवंय का, एवढं तो विचारत होता. वॉर्निंग म्हणजे एक प्रश्न, आणि त्याचं उत्तर द्यायचं काम माझं होतं. हे पुढे नोकरीत असंख्य वेळा उपयोगी पडलं, पण त्या क्षणी मला फक्त मामाचा चेहरा दिसत होता.

धाकटा मामा माझ्या शेजारी येऊन बसला आणि एकेका पट्ट्याचं माप सांगत गेला. बेरीज झाली. मी ती पुन्हा केली. मग आप्पा म्हणाले, "मोठ्यानं वाच."

"धाकट्या मामांचा भाग कमी नाही. उलट एका गुंठ्याने जास्त आहे." थोरल्याने हिशेबात पट्ट्यांचे आणे अंदाजाने खाली-वर धरले होते, त्यात तेवढा गुंठा इकडचा तिकडे झाला होता.

धाकट्या मामाने मान खाली घातली. मग म्हणाला, "दादा, चुकलो." थोरला म्हणाला, "जाऊ दे रं. गुंठा बी ऱ्हाऊ दे तुलाच."

"मला नगं."

"मला बी नगं."

आता हे दोघे एका गुंठ्यावरून उलटं भांडण काढतात की काय, असं वाटायला लागलं. तेवढ्यात धाकट्याने दाराकडे पाहिलं. "अक्काचा गुंठा म्हनू त्याला. बांधाला लागून हाय, दोघांच्या मधी. ती आली की कुनाच्या रानात जायाचं ह्याचा वाद नको."

आई म्हणाली, "मी गुंठ्यात काय करू?"

"काय बी पेर," थोरला म्हणाला. "पर बघाया येत जा."

पुढच्या आठवड्यात मी LAMBI अपूर्णांक आहे असं सांगणारं एक कार्ड गठ्ठ्यात सुरुवातीला घातलं. कागद वॉर्निंगशिवाय आला आणि आकडे पेन्सिलीच्या बेरजेशी जुळले. तो कागद वाचून झाल्यावरच सह्या-अंगठे झाले. त्या हिवाळ्यात आईने आपल्या गुंठ्यात हरभरा केला. ढाळे उपटायला आम्ही गेलो तेव्हा दोन्ही मामा बांधावर बसून घाटे सोलत होते, आणि आई त्यांच्यामध्ये बसली होती.