चपलांचा नंबर

नंबर हा शब्द इंग्रजी आहे असं सांगितलं असतं, तर आईने मला वेड्यात काढलं असतं. बोअरवर पाण्याचा गुंड ठेवला की आपला नंबर लागला. कुणाचं लग्न जमलं की त्याचा नंबर लागला, अन् गावात कुणी गेलं तरी बिचाऱ्याचा नंबरच लागला. बाबा देवळीच्या बाजारात भाजी विकत. सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची जुडी नाकाशी धरून गिऱ्हाइकाला म्हणत, "एक नंबर." नाकाशी कशाला धरतात, हे मी कधी विचारलं नाही.

मागच्या हिवाळ्यात देवळीत डोळ्यांचं शिबिर होतं. चष्म्याचा नंबर वाढला असेल, दुसरं काही नाही, असं बाबांचं म्हणणं. मीही ते खरं धरलं. धुक्यातच पोचलो, तर माणसं कडुनिंबाखाली गप्पा मारत बसलेली आणि दाराशी नुसत्या चपलांची रांग. आमच्याकडची रीतच आहे ती. चपला नंबरात उभ्या राहतात, माणूस निवांत बसतो. पुढचा जोड हलला की जाऊन आपला सरकवायचा, बस.

हळूहळू ऊन अंगावर आलं. बाबा मधूनमधून उठत, चपला सरकवून परत येऊन बसत. मी भिंतीला टेकून पेंगत होते. आम्ही दोघं असे बिनकामाचे, जवळजवळ, कित्येक वर्षांत बसलो नव्हतो. नंबर येऊच नये असं वाटत होतं.

आला. उठून पाहते तर बाबा दाराशी उभे, आणि त्यांच्यापुढे कुण्या बाईचा मातकट जोड. बाबांच्या काळ्या चपला पार मागे, सकाळी ठेवल्या तिथेच. सगळे त्यांना ओलांडून गेलेले. सकाळपासून ते दुसऱ्याच्याच चपला सरकवत होते! मला आधी हसू आलं, मग स्वतःचाच भयंकर राग आला.

त्या चपलांची मालकीण, एक म्हातारी, तुम्हीच जा आधी म्हणाली. बाबांनी ऐकलं नाही. "नंबर तुमचा हाय, माय," म्हणून मागे जाऊन उभे राहिले. मी चरफडत राहिले.

दुपारी डॉक्टर म्हणाले, चष्म्याने भागायचं नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, ऑपरेशनचा नंबर पुढच्या महिन्यात. बाबा बाहेर येऊन चपलांत पाय घालता घालता थांबले आणि पहिल्यांदाच मला विचारलं,

"बाई, पाह्य बरं. ह्या माह्याच हायेत ना?"