झेंड्याची काठी

मतदान झालं की आमच्या घरी दोन महिने आबांच्या डाव्या हाताला साबण लागू द्यायचा नसायचा. आबा म्हणजे माझे वडील. तर्जनीच्या नखावरची शाई कोणाची जास्त दिवस टिकते, अशी त्यांची समोरच्या दारातल्या काकांशी पैज असायची. ज्याची शाई आधी जाईल त्याने रविवारी स्वतः रांधून दुसऱ्याला जेवू घालायचं. आबा हरले की बांगड्याचं तिखलं, काका हरले की साताऱ्याकडचं लालभडक मटण. आई म्हणायची, "सरकार कोणाचं आलं त्याची काही पडलीय का यांना? नखं बघत बसलेत म्हातारे."

पडलेली होती हो! चांगलीच पडलेली होती. कोण कोणाला मत देतो हे दोघांनी एकमेकांना कधीच सांगितलं नाही, पण आमच्या अख्ख्या मजल्याला ते माहीत होतं. आबांचं चिन्ह एक, काकांचं त्याच्या बरोबर उलटं. तरी मतदानाच्या दिवशी सकाळी साडेसहाला काका आमच्या दारात उभे असायचे. "ए कोकण्या, आवरलं का?" आबा आतून ओरडायचे, "येतंय रे घाट्या, शर्टाची बटणां तरी लावूक दी!" मग दोघं पांढऱ्या शर्टात, टेकडीचा उतार उतरून खालच्या शाळेत जायचे. आबा उजवीकडे, काका डावीकडे. बाजू कधी बदलायची नाही.

दोघं एकाच गिरणीत होते. आबा साच्यावर कापड विणायचे, काका सुताच्या खात्यात. गिरणी बंद पडली तेव्हा दोघं एकदमच रस्त्यावर आले. आबा मालवणकडचे, काका साताऱ्याकडचे बौद्ध. त्या काळी डबा कोणी कोणाबरोबर खायचा हेसुद्धा लोक बघायचे. या दोघांनी ती कटकटच ठेवली नव्हती. आमच्याकडची सुकट काकांच्या डब्यात असायची, काकूंची भाकरी आबांच्या. घाटकोपरच्या टेकडीवर दोन खोल्या शेजारीशेजारी घेतल्या, आणि चाळ पाडून सात मजल्यांची बिल्डिंग झाली तेव्हा समोरासमोर दारं मागून घेतली.

आबांचा चाळीत एक मान होता. रविवारी सकाळी ओट्यावर बसून ते पेपर मोठ्याने वाचायचे. काका जेमतेम दुसरी शिकलेले, चाळीतले बरेचजण तसेच. आबा मथळ्यापासून नाटकाच्या जाहिरातीपर्यंत सगळं वाचायचे, आणि मध्येच एखादी गोष्ट काकांना खटकली की ते बोट वर करायचे, "पुन्हा वाच." आबा वैतागायचे, पण पुन्हा वाचायचे. पुष्कळदा दुसऱ्यांदा वाचताना आबांनाच कळायचं की बातमी आणि मथळा यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. चाळीत कशावरून वाद झाला की शेवटचा शब्द ठरलेला असायचा: आबांनी वाचलंय ना, मग खरं आहे.

बिल्डिंगमध्ये ओटा नव्हता. टीव्ही होते. संध्याकाळी आमच्या घरात एक चॅनेल, काकांकडे दुसरा, दोन्हीकडे आवाज मोठा. मधल्या पॅसेजमध्ये उभं राहिलं तर वाटायचं, दोन वेगवेगळ्या देशांत निवडणुका चालल्यात. एकाच सभेचं मैदान आमच्याकडे खचाखच भरलेलं, काकांकडे त्याच मैदानात रिकाम्या खुर्च्या. "तुझा चॅनेल विकला गेलाय रे," काका ओरडायचे. "तुझो तर फुकट पण कोण घेना नाय!" आबा इकडून. मी मध्ये उभी राहून हसायची. मला ते नाटकाच्या प्रयोगासारखं वाटायचं, बिनतिकिटाचं. त्यात काही धोका आहे असं कधी मनातही आलं नाही.

मग मी एक शहाणपणा केला. आबांना मोठ्या पडद्याचा फोन घेऊन दिला आणि बिल्डिंगच्या ग्रुपवर घातलं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती! आबा सकाळी उठल्यापासून जे येईल ते पुढे पाठवायचे. मी म्हणायची, "आबा, खरं आहे की खोटं ते तरी बघा." ते म्हणायचे, "अगो, पाठवणाऱ्याक मी वळखतंय. तो कशाक खोटा पाठवात?" गावाहून निरोप यायचा तो माणसाबरोबर यायचा, आणि माणूस खरा तर निरोप खरा, हे त्यांचं साधं गणित होतं. माझ्या डोक्यात जायचं, पण मीही सोडून द्यायची. मला ऑफिस होतं ना.

मतदानाला चार दिवस होते तेव्हा तो व्हिडिओ आला. वीसेक सेकंदांचा. पळापळ, आरडाओरडा, त्यावर कुठलं तरी छातीत धडकी भरवणारं संगीत, मधोमध एक निळा झेंडा, आणि कोणीतरी एका माणसावर वाकून त्याला ओढतंय. खाली लिहिलेलं: कालची घाटकोपरमधली घटना. मतदारांना मारहाण. झेंडा बघा, माणसं ओळखा. आबांनी तो ग्रुपवर पाठवला आणि स्वतःचं एक वाक्य जोडलं, "सर्वांनी विचार करून मत द्यावे."

दहा मिनिटांत काका ग्रुपमधून बाहेर पडले. त्यांच्या नातवाने वाचून दाखवलं होतं त्यांना.

त्या संध्याकाळी समोरचा टीव्ही लागलाच नाही. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये काका भेटले. आबा म्हणाले, "काय रे, चाय घेवक नाय इलंस?" काका आकड्यांकडे बघत राहिले आणि तळमजला आल्यावर बाहेर पडले. घरी येऊन आबा पेटले. "रागावण्यासारखा काय झाला? मी त्याका काय बोललंय? झेंड्याचा लिवलेला मी नाय लिवलंय!" आई भाजी निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "पाठवलंत ना पण." जेवताना आबा दोनदा म्हणाले, "मतदानाक येतलो तो. न येऊन जातलो खंय?" आणि दोन्ही वेळा आमच्याकडे बघत होते, आम्ही हो म्हणतो का ते. तीस वर्षांत त्यांनी काकांशिवाय मत दिलेलं नव्हतं. त्यांना कोण निवडून येतं यापेक्षा आता तेवढीच एक काळजी लागली होती.

मी तो व्हिडिओ नीट बघितला तो त्यानंतर. एकदा बघितला, काहीतरी टोचलं. आवाज बंद करून बघितला. कोपऱ्यात एक पिवळा प्लास्टिकचा हंडा होता, काठाला तडा गेलेला आणि तड्याला डांबर लावलेलं. अरे देवा! तो काकूंचा हंडा होता.

बारा-तेरा वर्षांपूर्वीचा आमचा हंडा मोर्चा होता तो! टेकडीवर आठ दिवस पाणी नव्हतं, म्हणून सगळी चाळ रिकामे हंडे वाजवत निघाली होती. काका त्यांच्या बुद्धविहाराच्या मंडळाचा झेंडा घेऊन पुढे होते. उतारावर धक्काबुक्की झाली, आबा गटारात पडले आणि त्यांचा डावा घोटा मोडला. काकांनी झेंड्याचं कापड काढलं, घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं, काठी गुडघ्यावर मोडली आणि आबांच्या पायाला दोन्ही बाजूंनी बांधली. मग त्यांना पाठीवर घेऊन टेकडी उतरले. व्हिडिओत कोणी कोणाला मारत नव्हतं. काका आबांना गटारातून ओढून काढत होते.

आणि हे सगळं शूट केलं होतं मी. माझा पहिला कॅमेऱ्याचा फोन. "आमचा मोर्चा" असं लिहून मीच हौसेने सगळ्या जगासाठी टाकलं होतं. मधली वर्षं ते कुठे कुठे फिरलं, कोणी कापलं, कोणी त्याला संगीत लावलं, कोणाला ठाऊक. आपलेच दात, आपलेच ओठ. मला इतकी लाज वाटली की आबांना सांगायला अर्धा तास गेला.

"चष्मो खंय माझो?" आबा म्हणाले. मी चित्र थांबवून मोठं केलं. ते बराच वेळ बघत होते. मग पडद्यावरच्या पडलेल्या माणसावर बोट ठेवून हळूच म्हणाले, "हो शर्ट माझो." आणखी थोड्या वेळाने, "माझ्या बापसान पण माका असो उचलूक नाय कधी. आणि मी काय पाठवलंय? मारहाण!" त्यांनी फोन उलटा करून गादीवर ठेवला, परत उचलला. "पूस गो हा. सगळ्यांच्या फोनातला पूस."

पुसता येत नव्हतं. तोवर तो आमच्या ग्रुपवरून कितीतरी फोनांत पुढे गेला होता. मी म्हटलं, खुलासा टाइप करून देते. "नको," आबा म्हणाले. "लिवलेला कोण वाचता? मी वाचून दाखवतंय."

आणि त्या शनिवारी संध्याकाळी त्यांनी खरंच तसं केलं. सातव्या मजल्यापासून सुरुवात. प्रत्येक मजल्यावर लिफ्टमधून उतरायचे, पॅसेजमध्ये उभे राहून टाळी वाजवायचे, दारं उघडली की चष्मा लावून, पेपर वाचायचे त्याच आवाजात तो मेसेज वाचायचे. मग म्हणायचे, "हे खोटं आहे. पडलेला माणूस मी. उचलणारा माझा मित्र. हे मी पाठवलं, माझी चूक." तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी मारामारीच्या भीतीने मतदानाला जायचंच नाही असं ठरवलं होतं, त्या म्हणाल्या, "बरं झालं बाबा सांगितलंस." काही हसले. पाचव्यावरचा एक तर म्हणाला, "आबा, व्हिडिओ जुना असेल, पण मुद्दा खराच आहे ना?" माझं डोकंच फिरलं. "अहो, मुद्दा म्हणजे माझे काका आहेत!" मी ओरडले. आबांनी माझा हात धरून लिफ्टमध्ये ओढलं.

आमचा मजला त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवला होता. काकांच्या बंद दारासमोर उभं राहून त्यांनी सगळं वाचलं. आत टीव्ही बंद, भांड्याचाही आवाज नाही. वाचून झाल्यावर आबा थोडा वेळ तसेच थांबले. दार उघडलं नाही.

मतदानाच्या दिवशी आबा सहा वाजताच पांढरा शर्ट घालून खुर्चीत बसले होते. साडेसहा झाले. पावणेसात झाले. शेवटी मीच समोरची बेल वाजवली. काकूंनी दार अर्धं उघडलं. "ते गेले गं सहालाच," त्या म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसत दार लोटून घेतलं.

आबांना सांगितलं. आई म्हणाली, "जाऊन तर या." मी त्यांना घेऊन निघाले. केंद्रावर फोन चालत नाही म्हणून आम्ही दोघांनी फोन घरीच ठेवले. उतारावर आबांचा डावा पाय जपून पडत होता, आणि मी उजवीकडून चालत होते. शाळेत रांगेत ते मागे वळून वळून बघत होते, जणू काका मागून येऊन म्हणणार होते, सरक रे. मत देऊन, बोटाला शाई लावून ते बाहेर आले तेव्हा मला एकदम म्हातारे वाटले.

रस्त्याच्या पलीकडे चहावाल्याच्या बाकड्यावर काका बसले होते. सात वाजताच पहिलं मत देऊन तिथे बसले असणार.

"वाच," ते म्हणाले.

"काय वाचू?"

"परवा माझ्या दारात वाचत होतास ते. माझा टीव्ही चालू होता."

टीव्ही बंद होता हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. आबांनी खिसा चाचपला. "फोन घराक रवलो रे."

"मग असंच सांग."

आबांना कागद नसताना बोलायची सवय नव्हती. ते भर रस्त्यात हात जोडल्यासारखे उभे राहिले. "मी पडलंय," ते म्हणाले. "पाय मोडलो माझो. तू झेंडो काढून खिशात ठेवलंस, आणि काठी मोडून माझ्या पायाक बांधलंस. माका पाठीर घेतलंस."

काकांनी बोट वर केलं. "पुन्हा वाच."

आबांनी पुन्हा सांगितलं. काठीपर्यंत आले आणि त्यांना पुढे बोलवेना. मी तोंड फिरवून उभी राहिले, कारण मलाही रडू आवरत नव्हतं.

"काका, तो व्हिडिओ माझा होता," मी म्हटलं.

"हंड्यावरून ओळखला मी, पहिल्याच फटक्यात," काका म्हणाले. मग आबांकडे वळले. "असले दहा येतात रे रोज. त्यांचं मला काही नाही. पण तुझ्या वाचण्यावर मी जन्म काढला. झेंडा बघून तुला आधी मी आठवायला पाहिजे होतो."

"चुकलंय," आबा म्हणाले.

काका उठले. त्यांनी डावी तर्जनी पुढे केली, आबांनी आपली तिच्याशेजारी धरली. "माझी जास्त काळी आहे," काका म्हणाले. "मेल्या, तुझी सुकली, म्हणून," आबा म्हणाले आणि नाक पुसलं.

आम्ही घरी निघालो. चढ लागल्यावर मी आबांना डावीकडून धरायला गेले, तर काकांनी मला खांद्याला धरून बाजूला केलं आणि ते आबांच्या डाव्या बाजूला आले, मोडलेल्या पायाच्या. बारा वर्षं ते त्याच बाजूने का चालतात, हे मला त्या दिवशी कळलं.