पलटणीचं जर्किन

दुरून डोंगर साजरे, असं आपल्याकडे म्हणतात. उमेदीची सगळी वर्षं पलटणीत घालवलेल्या माणसाला ते दुरूनही साजरे दिसत नाहीत. हवालदार म्हणून पेन्शनीत निघालो आणि मस्कतला एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे गाड्यांवर सुपरवायझर लागलो. वादी अदाई या मस्कतच्या भागातल्या खोलीच्या खिडकीतून पहिल्यांदा बाहेर पाहिलं, तर समोर नुसता काळा-तांबूस दगड, गवताचं पातं नाही. बायको म्हणाली, "अवं, कसला वो ह्यो मुलूख!" मी मात्र वरच्या धारेवर मशीनगन कुठं लागेल आणि खालून चढणाऱ्याला आडोसा कुठं मिळेल, हे मनाशी ठरवूनही मोकळा झालो होतो. मग ध्यानात आलं की इथं कुणाला वर चढायचंच नाहीये. इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! त्या रात्री जो झोपलो तो ऊन अंगावर आल्यावरच उठलो.

आमचा अर्बाब, म्हणजे मालक, रुस्ताक गावचा. पांढरी दाढी, कमी बोलणारा, गुडघ्यात जरा वाकलेला. तोही डोंगराकडे माझ्यासारखाच बघतो हे मला लवकरच कळलं. तरुणपणी तो त्यांच्या फौजेत होता आणि दक्षिणेकडे धोफारच्या डोंगरात लढाई चालली होती तेव्हा तिथं राहून आला होता. आम्ही दोघं गाडीतून जाताना वळणावरचा एखादा सुळका दिसला की तो नुसतं बोट दाखवायचा आणि मी मान हलवायचो. एवढ्यावर आमची दोस्ती झाली होती.

आता माझ्या मेव्हण्याविषयी. बायकोचा हा धाकटा भाऊ. आमची दोन्ही गावं साताऱ्याकडची, मिलिटरीची. घरटी एकजण तरी फौजेत. त्यामुळे उसाला पाणी पाजणारा, डेअरीला दूध घालणारा, चावडीवर रिकामा बसणारा, सगळ्यांच्या अंगात कुणा ना कुणाचं पलटणीतलं उतरलेलं जर्किन असतं. कुणाला त्यात वावगं वाटत नाही. मेव्हण्याला लहानपणापासून एकच ध्यास, भरती व्हायचं. पळण्यात पास झाला, पण छाती फुगवायला सांगितली तेव्हा ती काही फुगेना. प्रत्येक भरतीला तेच. तो भरती व्हावा म्हणून सासूबाईंनी भैरोबाला नारळ बोलला होता. शेवटच्या भरतीतूनही पोरगा परत आला तेव्हा देवळात जाऊन त्या म्हणाल्या, "र्‍हाऊ दे तुझा नारळ माझ्यापाशी." पुढं तो फिटर झाला, चांगला झाला, पण "पाव्हणं, छाती फुगवा जरा," म्हणून चिडवायची एकही संधी मी सोडली नाही. तो हसायचा. त्याची बहीण मात्र मला जेवताना भाकरी जरा आपटूनच वाढायची.

त्याला येमेनमध्ये नोकरी लागली, डोंगराळ भागातल्या एका कारखान्यात. तिथं थंडी फार असते म्हणून त्यानं माझ्याकडून माझं पलटणीतलं जर्किन मागून घेतलं. खांद्यावरचं चिन्ह मी पलटणीतून निघताना उसवून काढलं होतं, पण कापड विटलेलं आणि चिन्हाखालचा चौकोन मात्र गडद राहिलेला. तो ते सणाच्या कपड्यासारखं वापरायचा. फोटो पाठवायचा, मागं दगडी डोंगर, अंगात माझं जर्किन, आणि चेहऱ्यावर जनरलचा रुबाब.

पंधरा सालचा उन्हाळा सुरू होत होता आणि येमेनमध्ये लढाई पेटली. आपले पुष्कळ लोक जहाजांनी बाहेर पडले. याचा कारखाना आडबाजूला, बंदराकडची वाट बंद. चार दिशांनी चौकशी केल्यावर तो एका ट्रकवाल्याबरोबर पूर्वेला, ओमानच्या हद्दीकडे निघाला. हद्दीवर कुणीतरी घ्यायला हवं होतं. मी रजा मागायला गेलो, तर अर्बाब आधीच फोनवर कागदांचं जमवत होता. फोन ठेवून म्हणाला, "तुम अकेला नहीं जाता. उधर का पहाड मैं देखा. यल्ला." म्हणजे चल.

सलालाच्या रस्त्यावर आम्ही आळीपाळीनं गाडी चालवली. वाटेत मेव्हण्याचा फोन आला. आवाज तुटत होता.

"दाजी, काळजी करू नगा. हद्द आता लांब न्हाय."

"रस्त्यात चौक्या आहेत का?"

"लय हायत. कोन कुनाचा, कायबी कळंना. पर रातच्या थंडीचं काय न्हाय, तुमचं जर्किन हाय की अंगात."

चालू लढाईत परका माणूस, अंगात फौजी कापड, त्यावरचं चिन्ह उपटलेलं. कुणाच्याही चौकीवर त्याचा एकच अर्थ निघतो, पळून चाललेला शिपाई. आमच्या गावात ते जर्किन घालून म्हैस धुतात, हे तिथल्या बंदुकवाल्याला कोण सांगणार होतं? मी ओरडलो, "काढ ते! आत्ताच्या आत्ता काढून टाक!" पण फोन कधीच कटला होता. पुन्हा लागलाच नाही.

बायकोला मी काही कळवलं नाही. अर्बाबला सांगितलं. त्यानं गाडीचा वेग वाढवला आणि म्हणाला, "इन्शाल्ला." देवाच्या मर्जीचा हा शब्द मी रोज ऐकतो. टायर कधी येणार विचारलं तरी इन्शाल्लाच. त्या दिवशी मात्र तो मीही त्याच्यामागून म्हटला.

सलाला सोडून हद्दीकडे निघालं की रस्ता समुद्राच्या वर डोंगराच्या अंगाला चिकटून चढतो. एका बाजूला खाली निळं पाणी, दुसऱ्या बाजूला कातळ, कपारी, वाळलेली झुडपं, त्यांत उंट. वळणामागून वळणं. एका ठिकाणी मी लघवीला खाली उतरलो आणि झुडपाच्या आडोशाला निघालो, तर अर्बाबनं दंडाला धरून मागं ओढलं. "रोड मत छोडो." त्याच्या वेळचे सुरुंग अजून कुठं कुठं मातीत आहेत म्हणाला. त्याची लढाई संपून किती काळ लोटला होता, नातवंडं शाळेत जायला लागली, तरी हा माणूस त्या डोंगरात रस्ता सोडत नव्हता. आम्ही दोघे म्हातारे फौजी डांबराच्या कडेलाच उभे राहिलो. समोरच्या सोंडेकडे बोट दाखवून तो म्हणाला, "मेरा भाई उधर मरा." माझ्या डोळ्यांपुढं सारखा तो गडद चौकोन येत होता.

हद्दीच्या नाक्यावर गाड्यांची रांग होती. गाठोडी घेतलेली माणसं चालत येत होती, बायका, लेकरं, एक म्हातारी तर पाठुंगळीवर. अर्बाब आत जाऊन शिपायांशी बोलून आला, म्हणाला थांबा. मी येणाऱ्या प्रत्येकात ते जर्किन शोधत होतो. फौजी कापड मला अर्ध्या मैलावरून ओळखू येतं. ते काही दिसेना. दुपार टळली. बायकोचा फोन आला, मी उचलला नाही, पुन्हा आला, तेव्हाही नाही. तिला मी काय सांगणार होतो?

"दाजी."

आवाज बाजूनं आला. चौकड्यांची शाल गुंडाळलेला, दाढी वाढलेला, धुळीनं माखलेला एकजण माझ्यासमोरून निघून गेला होता आणि मी त्याच्याकडं बघितलंही नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला, आणि लगेच संतापही आला. "जर्किन कुठाय?" हे माझ्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य. मग त्याला असा काही कवटाळला की हातातल्या बाटलीतलं पाणी पिणं त्याचं राहून गेलं.

गाडीत मागच्या सीटवर बसून खबूस, म्हणजे तिकडची रोटी, आणि केळी खात त्यानं सगळं सांगितलं.

"येका चौकीवर खाली उतरवलं बघा. खांद्यावरचा चौकोन दाखवून इचारत्यात, पट्टी कुठं टाकली? कंच्या फौजंचा तू? मी म्हनलं, माझं न्हाय, दाजीचं हाय. आता दाजी म्हंजी कोन, हे अरबीत कसं सांगायचं?"

"मग?"

"मग त्यातल्या येका म्हाताऱ्यानं गोळ्या काढून आपली बंदूक माझ्या हातात दिली. म्हनला, खोलून दाव. मला काय येतंय? मी आपली नळी धरली, अन् नळीचं तोंड माझ्याच पोटाकडं. समदी हसाय लागली. म्हातारा म्हनला, ह्यो कसला शिपाई! बंदूक काढून घेतली, च्या पाजला. जर्किन बी घेतलं. म्हनला, पुढच्या चौकीवर हसायला कोन नसंल. अन् ही त्याची शाल मला दिली."

अर्बाबनं विचारलं काय झालं, म्हणून मी हिंदीत सांगितलं. त्याला इतकं हसू आलं की त्यानं गाडी बाजूला घेतली. डोळे पुसत म्हणाला, "अस्करी नहीं है. अल्हम्दुलिल्ला." अस्करी म्हणजे शिपाई. बाकीचे देवाचे आभार.

मला मात्र नंतर हसू येईना. ती बंदूक माझ्या हातात दिली असती, तर? बंदुकीचं खोलना-जोडना आम्ही डोळ्यांना पट्टी बांधून केलेलं. मी विचार करायच्या आत माझ्या हातांनी ती उघडून दाखवली असती आणि मग माझं कुणीच काही ऐकलं नसतं. ज्या छातीवरून मी त्याला इतकी वर्षं चिडवलं, ती न फुगल्यामुळे तो माझ्या मागं बसून केळी खात होता. मी आरशातून त्याच्याकडं बघत राहिलो. तोंडात केळं ठेवूनच तो झोपून गेला.

सलालाला पोचल्यावर बायकोला फोन लावला. ती आधी रडली, मग फोन न उचलल्याबद्दल मला यथेच्छ बोलली. तिनं गावी सासूबाईंनाही लाईनवर घेतलं. बंदुकीची गोष्ट मी थोडी सौम्य करूनच सांगितली, पण फौजी माणसांच्या गावात जन्म काढलेली बाई, तिला सांगायचं ते कळलं. पलीकडून नुसती खुडबुड ऐकू येऊ लागली. मला वाटलं, फोन बाजूला ठेवला.

"आत्या, ऐकताय न्हवं?" मी सासूबाईंना विचारलं.

"ऐकतीया," त्या म्हणाल्या. "पायात चपला सरकवतीया. भैरोबाकडं निघालीया. त्या भरतीचा नारळ द्यायचा र्‍हायलाय."