अण्णा आणि गिझरची कॉईल

ऐन थंडीत आमच्या गिझरची कॉईल गेली आणि शिरूरमधला आमचा नेहमीचा वायरमन बायकोला घेऊन ऊसतोडीला गेलेला. तसा घरातच एक वायरमन होता. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, उभा जन्म याच कामात घालवला. पण दिवाळीआधी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं आणि वाचाही गेली. आखडलेला हात रोज गरम पाण्यात सोडून बोटं हलवायला अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. बोटं नुकती कुठं हलायला लागली होती. आता आई पाठ धरून गॅसवरची पातेली न्हाणीत वाहत होती, ते बघवेना.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. त्यामुळे कॉईल मीच बदलणार, असं मोठ्या तोऱ्यात जाहीर करून टाकलं. अण्णांना न्हाणीच्या दारात खुर्चीवर बसवलं. तेवढीच त्यांची करमणूक होईल असं वाटलं. त्यांची मदत होईल, हे मनातसुद्धा आलं नाही.

मेन बंद केलं. आमच्याकडे आठवडा-आठवडा नळ येत नाही, म्हणून गिझरमधलं पाणी थेंबही न सांडता बादलीत काढलं. जुनी कॉईल क्षारांनी पांढरीफटक झाली होती. नट फिरवताना बोटं सोलली, पण नवी कॉईल एकदाची बसली. मेन चालू करून मी गिझरच्या बटणाकडे हात नेला आणि अण्णा ओरडायला लागले. शब्द नाहीच, नुसता आवाज. डावा हात सारखा नळाकडे करत होते. तहान लागली असेल म्हणून तांब्या पुढं केला, तर तो त्यांनी उडवून लावला. माझं डोकंच फिरलं.

"अण्णा, गप बसा की जरा! करायलोय ना मी!"

आई आतून म्हणाली, "कावून ओरडायलास त्यांच्यावर? काय म्हनायलेत ते बघ की."

मी बघितलं नाही. खुर्ची ओढत बाहेर नेली, दार लावून घेतलं आणि बटण दाबलं. थोड्या वेळानं आत चटचट झालं, जळका वास आला आणि घरातली लाईट गेली.

मी गरम पाण्याचा नळ सोडला. त्यातून नुसती हवा आली. वरची टाकी तळाला गेलेली, गिझर भरलाच नव्हता आणि मी कोरडी कॉईल तापवली होती. बटणाआधी नळ सोडून बघ, एवढंच त्यांना सांगायचं होतं. दार उघडलं तर अण्णा रडत होते. मला फार लाज वाटली.

दुसरी कॉईल बीडहून आणली. या खेपेला त्यांना आत, नळापाशी बसवलं. सगळं जोडून झाल्यावर विचारलं, "अण्णा, लावू का आता?"

त्यांनी डाव्या हातानं नळ सोडला. पाणी आलं नाही. त्यांनी मान हलवली, नको. गावाच्या नळाचा तो दिवस होता, पण अजून पाणी सुटलं नव्हतं आणि टाकी कोरडीच होती. आम्ही वाट बघत बसलो.

चहा घेता का, पडता का, असं मी त्यांना रोजच विचारत होतो आणि उत्तराआधीच कप पुढं करत होतो. त्यांच्या आजारपणात ज्याचं उत्तर मला ठाऊक नाही असा 'लावू का आता?' हा माझा पहिलाच प्रश्न.

दुपार झाली तरी पाणी आलं नाही. अण्णा नळावरचा हात काढेनात आणि मलाही तिथून उठवेना.